सांगली ते न्यूयॉर्क: अंतर किती, विमानात तास किती, आणि घरातून निघायचं कधी?

हळदबाजार, सोमवार, रात्री ९.१४

मंडळी, तिकिटावरच्या वेळा खाली देतो. घरात प्रत्येक जण वेगळं उत्तर काढतोय.

जाताना: मुंबई सुटणार १४ जानेवारी ०१:४०, न्यूयॉर्क पोच १४ जानेवारी ०७:३०.
येताना: न्यूयॉर्क सुटणार ५ फेब्रुवारी १२:००, मुंबई पोच ६ फेब्रुवारी १२:५०.

थेट विमान आहे, मधे थांबा नाही. वजाबाकी केली तर जायला ५ तास ५० मिनिटं आणि यायला २४ तास ५० मिनिटं येतात. दोन्ही आकडे खोटे आहेत एवढं कळतं. खरे तास किती? अंतर किती? आणि सांगलीतून निघायचं कधी?

कृष्णाकाठ, सोमवार, रात्री ९.४०

तिकिटावर नेहमी त्या त्या गावची घड्याळाची वेळ छापतात. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे. फरक साडेदहा तासांचा.

जाताना: ०७:३० न्यूयॉर्क म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी संध्याकाळचे ६. रात्री ०१:४० पासून संध्याकाळी ६ पर्यंत १६ तास २० मिनिटं.
येताना: सुटताना आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:५० पर्यंत १४ तास २० मिनिटं.

पडताळा घ्यायची सोपी युक्ती सांगतो, वेळेचा फरक पाठ नसला तरी चालते. तुमचे ते दोन खोटे आकडे मिळवा: ५:५० अधिक २४:५० बरोबर ३०:४०. आता खरे मिळवा: १६:२० अधिक १४:२०, तेही ३०:४०. घड्याळातला फरक जाताना वजा होतो आणि येताना तेवढाच जमा होतो, म्हणून बेरजेत तो उरतच नाही. बेरीज जुळली नाही तर तुम्ही कुठेतरी चुकलात.

मात्र मधे अमेरिकेचं घड्याळ बदललं तर ही युक्ती एका तासाने फसते. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. परतीची तारीख मार्चअखेर ढकललीत तर फरक साडेनऊचा धरायचा. तेच १२ वाजताचं विमान, तेवढेच तास, पण मुंबईत पोच ११:५०.

सज्जनगडकर, सोमवार, रात्री १०.०५

यायला दोन तास कमी लागतात कारण पृथ्वी फिरते. विमान वर असताना खाली जमीन सरकते ना.

मिरज_जंक्शन, सोमवार, रात्री १०.२२

नाही हो दादा, उलट आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तुमचा हिशोब खरा असता तर न्यूयॉर्क स्वतःच विमानाकडे चालत आलं असतं आणि जाणं स्वस्तात पडलं असतं. हवेचं आवरण पृथ्वीसोबतच फिरतं, म्हणून त्या फिरण्याचा थेट फायदा कुणालाच होत नाही. धावत्या एसटीत चेंडू वर उडवला तर तो मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसंच हे.

दोन तासांचा फरक वाऱ्याचा आहे. त्यावर उद्या लिहितो, आधी अंतर.

मुंबई विमानतळ: अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व.
न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ: अक्षांश ४०.६४ उत्तर, रेखांश ७३.७८ पश्चिम.

एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज: १४६.६५ अंश.

१) दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०
२) दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ = ०.७१७१
३) त्याला १४६.६५ अंशाच्या कोसाइनने गुणा: ०.७१७१ × (−०.८३५३) = −०.५९९०
४) पहिला आणि तिसरा मिळवा: −०.३८६०
५) उलटा कोसाइन: ११२.७ अंश
६) एका अंशाला १११.१९ किमी. उत्तर साधारण १२,५३० किमी.

एक्सेलमध्ये करणार असाल तर दोन खड्डे आहेत. एक्सेलला अंश कळत नाहीत, रेडियन लागतात. आधी रूपांतर करा. दुसरा खड्डा जास्त पाय मोडतो: पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह. ते विसरलं की उत्तर २,४०० किमीच्या आसपास येतं आणि तुमचं न्यूयॉर्क किरगिझस्तानात, ओश शहराच्या थोडं पूर्वेला जाऊन बसतं.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित दबलेली आहे, त्यामुळे या रीतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. तास काढायला तो चालतो.

हळदबाजार, सोमवार, रात्री १०.३१

आणि खुद्द सांगलीपासून?

मिरज_जंक्शन, सोमवार, रात्री १०.४८

सांगली १६.८५ उत्तर, ७४.५७ पूर्व. त्याच पायऱ्यांनी १२,८३५ किमी येतात. म्हणजे मुंबईपेक्षा ३०० जास्त. सांगली-मुंबई हवाई अंतरही तेवढंच, कारण न्यूयॉर्कची वाट मुंबईतून वायव्येला निघते आणि आपण नेमके तिच्या पाठीमागे आग्नेयेला आहोत. एकाच रेषेत सापडलोय म्हणायचं.

कासपठार, मंगळवार, सकाळी ७.३०

भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जेरियावरून जाते. मग विमान आइसलँडकडे कशाला चढतं? ही वाकडी वाट नाही का?

मिरज_जंक्शन, मंगळवार, सकाळी ८.१०

वाकडी तुमची पट्टी आहे. भिंतीवरचा नकाशा गोल साल सपाट करून चिकटवलेला असतो आणि उत्तरेकडचा भाग त्यात ताणला जातो. त्या पट्टीच्या वाटेने खरंच गेलात तर १४,२०० किमीच्या वर जातात, म्हणजे १,७०० किमी फुकटचे.

शाळेतला पृथ्वीगोल घ्या, ३० सेंमी व्यासाचा असतो तो. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ढिला असेपर्यंत तो अरबस्तानावर लोळेल, ताण दिला की आपोआप उत्तरेकडे सरकेल: अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया. सगळ्यात वरचं टोक फॅरो बेटं आणि आइसलँड यांच्या मधे, ६५ अंश अक्षांशाला लागून. तिथून ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा, आणि खाली न्यूयॉर्क. दोरा पट्टीवर मोजा. या मापाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी, त्यामुळे साडेएकोणतीस सेंमी भरायला हवा. गाठीपाशी पकडलात तर अर्धा सेंमी इकडेतिकडे होईल, म्हणजे २०० किमी. गणित नको असेल त्याला एवढं पुरे.

निघताना दिशा उत्तरेपासून फक्त २७ अंश पश्चिमेला असते. अमेरिका पश्चिमेला आहे हे आपण शाळेत शिकतो, पण विमानाचं तोंड अफगाणिस्तानाकडे.

कृष्णाकाठ, मंगळवार, दुपारी १.१५

आता वाऱ्याचं. मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. १०-११ किमी उंचीवर उणे ५५ अंशांच्या आसपास तापमान असतं, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किमी धरा. म्हणजे विमानाचा हवेतला वेग ९००. हा वेग हवेतला, जमिनीवरचा नव्हे.

त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात ध्रुवाकडची आणि विषुववृत्ताकडची हवा यांच्या तापमानात फरक वाढतो, तसा तो जोर धरतो. गाभ्यात ताशी २०० किमीच्या वर सहज जातो. पूर्ण वाटभर तो समोरून बसत नाही, म्हणून सरासरी ६० धरूया.

जाताना ९०० उणे ६० म्हणजे ८४०. प्रत्यक्ष वाट दोऱ्याइतकी सरळ नसते, १३,२०० किमी धरा. १५ तास ४० मिनिटं झाली. धावपट्टीपर्यंत रांगणं, चढण आणि उतरण्यातला कमी वेग, यांची ४० मिनिटं टाका: १६ तास २०.
येताना ९०० अधिक ६० म्हणजे ९६०. १२,९०० किमीला साडेतेरा तासांना थोडे कमी, वर ती ४० मिनिटं: १४ तासांच्या पुढे.

नुसतं अंतर भागिले ९०० करून लोक १४ तास काढतात आणि मग विमान उशिरा आलं म्हणून ओरडतात. जुलै-ऑगस्टमध्ये वारा मंदावतो, तेव्हा हाच फरक कमी होतो.

पेठनाका, मंगळवार, दुपारी २.०२

यात एक भर. तिकिटावरचे तास उडण्याचे नसतात. विमानाच्या चाकाखालचे ठोकळे मुंबईत काढले तिथपासून तिकडे परत लावले तिथपर्यंत, याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात कंपनी थोड्या जादा मिनिटांची पाचर मारून ठेवते, म्हणजे उशिरा सुटलं तरी ‘वेळेवर’ पोचतं. न्यूयॉर्कला जमिनीवरची रांग हा वेगळाच प्रकार आहे. पाचर बरीच तिथेच खर्च होते.

खरे तास बघायचे तर फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्याच्या सात-आठ फेऱ्या वाचा. एकच फेरी बघून ठरवू नका. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात छोटी सोडून द्या, मधल्यांची सरासरी काढा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभर वेळापत्रक बदलतं, तेव्हा त्याआधीच्या आठवड्यातले आकडे पुढे लावू नका.

कासपठार, मंगळवार, सायंकाळी ६.४५

दोरा अफगाणिस्तानावरून जातो म्हणालात. त्याआधी पाकिस्तान लागतं ना? ते तर बंद आहे.

मिरज_जंक्शन, मंगळवार, रात्री ९.०५

बरोबर पकडलंत. म्हणून तर वर १२,५३० ऐवजी १३,२०० धरले.

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि महिन्या-महिन्याने ती मुदत वाढवत नेली. बालाकोटनंतर २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेर ते जुलै असंच होतं. परदेशी कंपन्यांना ही बंदी नाही. फटका दिल्लीला जास्त, कारण तिची सगळी पश्चिमवाट पाकिस्तानावरून. मुंबईला समोर अरबी समुद्र मोकळा आहे. ओमानच्या बाजूने वर जाता येतं. पण मग तो भाग पेटला की पंचाईत.

रशियाचं उलट आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर अमेरिकी, ब्रिटिश, कॅनेडियन आणि युरोपियन संघातल्या कंपन्यांना ते आकाश बंद झालं, भारतीय कंपन्यांना खुलं राहिलं. म्हणजे दोन कंपन्या, तीच दोन शहरं, तोच दिवस, पण वाट वेगळी आणि तासही वेगळे. रशियावरून जाण्याचीही किंमत असते. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरवावं लागलं आणि प्रवाशांना न्यायला दुसरं विमान पाठवावं लागलं.

सज्जनगडकर, मंगळवार, रात्री ९.३०

थोडं लांबून गेलं तर बिघडतं काय? इंधन जास्त भरायचं की.

पेठनाका, मंगळवार, रात्री १०.११

तिथेच गोम आहे. जास्त भरलेलं इंधन वाहून न्यायलाही इंधनच लागतं. ढोबळ हिशोब असा, की विमानावर चढवलेल्या जादा वजनाच्या ३ ते ४ टक्के इंधन दर तासाला नुसतं ते वजन वाहण्यात जळतं. १६ तासांच्या प्रवासात शेवटी कामी यावं म्हणून एक टन जादा घेतलं, तर त्यातलं जवळपास अर्धं वाटेतच संपतं.

बोइंग ७७७-३००ईआर च्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर मावतं, वजनात १४५ टन. जळतं तासाला साधारण साडेसात ते आठ टन. १६ तासांना १२० टनांच्या पुढे. त्याशिवाय राखीव लागतं: वाटेत चुकलं-माकलं त्यासाठी साधारण ५ टक्के, पर्यायी विमानतळ गाठण्यापुरतं, आणि तिथे पोचून वर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं. आता टाकीत जागा असली तरी उड्डाणाच्या कमाल वजनाची मर्यादा आड येते. मग इंधन वाढवायचं तर माल किंवा माणसं कमी. मोठा वळसा पडला की काही फेऱ्यांना युरोपात उतरून टाकी भरावी लागते ती यामुळे. दिल्लीच्या अमेरिकेच्या विमानांना २०२५ मध्ये व्हिएन्नाचा थांबा त्यासाठीच घ्यावा लागला.

आणि लांबचा रस्ता नेहमी जास्त वेळेचा, असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. १३,९०० किमीच्या जागी १५,३०० किमी, तरी साडेचौदा तासांत पोचलं. पाठीशी वारा होता.

वसंतदादा_चौक, बुधवार, सकाळी १०.२०

थेट विमान महाग पडतं. दुबईवरून किंवा फ्रँकफर्टवरून गेलं तर किती लांबतं?

मिरज_जंक्शन, बुधवार, सकाळी ११.००

अंतर फारसं वाढतच नाही, हीच गंमत आहे.

मुंबई-फ्रँकफर्ट ६,५७०, फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क ६,१९०. बेरीज १२,७६०. थेटपेक्षा २३० किमी जास्त, म्हणजे विमानाची पंधरा मिनिटं.
मुंबई-दुबई १,९२५, दुबई-न्यूयॉर्क ११,०००. बेरीज १२,९२५. जेमतेम ४०० जास्त.

वेळ खातो तो थांबा. एक जादा उतरण, एक जादा चढण, आणि मधले दोन ते पाच तास. वयस्कर माणसं असतील तर मधे दीड तासापेक्षा कमी वेळाचं तिकीट घेऊ नका, अडीच-तीन तास बरे. व्हीलचेअर मागितली असेल तर आणखी अर्धा तास धरा. ती शेवटी उतरवतात. माझं मत विचाराल तर दुबईचे तुकडे विषम आहेत, ३ तास आणि मग १४. त्यापेक्षा युरोपातला ९ आणि ९ चा तुकडा गुडघ्यांना मानवतो. पण युरोपात थांबताना ट्रान्झिट व्हिसाचे नियम पासपोर्ट आणि अमेरिकी व्हिसा बघून बदलतात, ते तिकिटाआधी तपासा.

अजून एक: न्यूयॉर्कचे विमानतळ तीन. केनेडी, नेवार्क आणि लाग्वार्डिया. लांबची विमानं केनेडी किंवा नेवार्कला उतरतात. पैकी नेवार्क न्यू जर्सीत आहे. न्यायला येणाऱ्याला ‘न्यूयॉर्कला येतोय’ एवढंच सांगू नका.

हळदबाजार, बुधवार, दुपारी १२.३५

थेटच जायचं ठरलं. आता सांगलीतून निघायचं कधी ते सांगा. घरात १४ तारखेला दुपारी निघायचं चाललंय.

पेठनाका, बुधवार, दुपारी १.१०

अहो, १४ ला दुपारी निघालात तर विमान जाऊन १२ तास झालेले असतील! ०१:४० म्हणजे १३ आणि १४ च्या मधली रात्र. मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक विमानाचा हा घोळ होतो. कॅलेंडरवर १४ वर नाही, १३ वर गोल करा.

मागून मोजा.

सुटणार ०१:४०. बहुतेक कंपन्या काउंटर ६० मिनिटं आधी बंद करतात, काही ७५. अमेरिकेच्या विमानांना गेटवर पुन्हा एक तपासणी असते, त्यामुळे आत घ्यायला लवकर सुरुवात होते. टर्मिनल दोनच्या दारात ४ तास आधी, म्हणजे रात्री पावणेदहाला.

रस्ता, गाडीने, सुमारे ३८० किमी:
सांगली ते पेठ नाका १ ते सव्वा तास.
पेठ नाका ते सातारा दीड ते पावणेदोन. सहापदरीकरणामुळे कऱ्हाडच्या आसपास कधी कुठली लेन वळवलेली असेल त्याचा भरवसा नाही.
सातारा ते कात्रज सव्वादोन ते अडीच. खंबाटकीत एखादा ट्रक बंद पडला की वेगळं.
कात्रज ते वाकड पाऊण ते दीड. सर्वात बेभरवशाचा तुकडा हा.
द्रुतगती मार्ग दीड ते दोन. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणारी बाजू खंडाळ्यात तुंबते.
कळंबोली ते सहार १ ते पावणेदोन.

कमीत कमी ८, जास्तीत जास्त पावणेअकरा. जेवणाखाणाचा पाऊण तास वेगळा. १३ तारखेला सकाळी १०:१५ ला दार लावा. लवकर पोचलात तर बाकड्यावर बसायचंय, एवढंच.

सज्जनगडकर, बुधवार, दुपारी १.४४

साताऱ्याहून निघणाऱ्यांनी वरच्या तासांतून तीन तास वजा करा. दुपारी सव्वा वाजता निघालं तरी भागतं.

वसंतदादा_चौक, बुधवार, दुपारी २.१५

कोल्हापूर-मुंबई विमानाने गेलं तर? उजळाईवाडीचं विमानतळ तासा-सव्वा तासावर आहे.

कृष्णाकाठ, बुधवार, दुपारी ३.०५

हवेत तासाभराचं काम आहे, पण तीन गोष्टी आधी बघा.

एक, ते विमान त्या वारी आहे का. दोन, तिकीट वेगळं असेल तर पुढच्या कंपनीचा तुमच्या उशिराशी काही संबंध नाही; धुक्याने किंवा पावसाने कोल्हापूरचं विमान रद्द झालं की अमेरिकेचं तिकीटही गेलं. तीन, सामान. अमेरिकेला बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, देशांतर्गत तिकिटावर १५ किलो. दोन माणसांच्या चार बॅगांवर ६२ किलोचं जादा भाडं. त्यात गाडी येऊन जाते. वेगळ्या तिकिटावर बॅग मुंबईत हातात घेऊन पुन्हा टाकावी लागते, कधी टर्मिनलही बदलावं लागतं.

रेल्वेनेही जमतं. महालक्ष्मी रात्रभर चालून सकाळी मुंबईत पोचते. म्हणजे १२ ला रात्री बसायचं, १३ चा दिवस नातेवाइकांकडे काढायचा आणि रात्री विमानतळ. वयस्करांना हे गाडीतल्या दहा तासांपेक्षा सोपं. दादरला उतरा.

हळदबाजार, बुधवार, रात्री ८.५०

महालक्ष्मीचं पटलं. मिरजेतून बसवतो. तिकिटावर मुंबईच्या पुढे बीओएम लिहिलंय, ते सहारच ना?

पेठनाका, बुधवार, रात्री ९.०२

हो, बीओएम म्हणजे सहारचं. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय, त्याचं अक्षर एनएमआय. ते असतं तर पनवेललाच काम झालं असतं. दादरहून टॅक्सी करताना ‘टर्मिनल दोन, सहार’ असं सांगा. नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हटलं की काही जण सांताक्रूझच्या टर्मिनल एकला नेऊन सोडतात.